आवाज वाढवा, पण बेताने

मंडळातील आजी-आजोबांच्या ओव्या व आठवणी आम्ही ध्वनिमुद्रित करतो. संगणकावर जोडताना सगळे तुकडे सारख्याच मोठ्या आवाजात आणण्याचा मोह होतो. आमच्या मते तो टाळावा. ६ डेसिबल वाढवले की ध्वनिलहरीची उंची दुप्पट होते, आणि तिच्याबरोबर पंख्याची घरघरही. सीडी करताना शून्य डेसिबलच्या वरची लहर तर छाटलीच जाते. म्हणून आजीचा आवाज फार न चढवता मागाहून घातलेली पेटी उतरवावी. ऑडॅसिटीतील एन्व्हलप टूलने हवा तेवढाच भाग कमी-जास्त करता येतो. मूळ फाईलला मात्र हात लावू नये. हळू आवाजात सांगितलेली आठवण नातवंडांनाही हळू आवाजातच ऐकू यावी, एवढेच आमचे म्हणणे.