भरारी पथक ऑगस्टात पाठवा

फेब्रुवारी उजाडला की आम्हा तालुक्याच्या पत्रकारांची एक बातमी ठरलेली. भरारी पथक, बैठं पथक, केंद्राबाहेर पोलीस, खिडकीला लोंबकळणारे भाऊ-मित्र, बंद केलेली झेरॉक्सची दुकानं. 21 फेब्रुवारी 2025 ला दहावीचा पहिलाच, मराठीचा पेपर होता आणि दुपारपर्यंत आपल्या जिल्ह्यातलं बदनापूर राज्यभर टीव्हीवर झळकलं. पेपर फुटला नाही असं मंडळानं सांगितलं, पण जालन्याचं नाव व्हायचं ते झालंच.

कॉपीवर लिहून लिहून बोटं दुखली. मला विचारायचंय ते वेगळंच. हे पथक ऑगस्टमध्ये कुठं असतं?

ऑगस्टातल्या एखाद्या मंगळवारी साडेअकरा वाजता खेड्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन बघा. नीट भरणारी कॉलेजं आहेत, नाही असं नाही. पण बऱ्याच ठिकाणी हजेरीपट भरलेला आणि बाकं मोकळी. पोरं गेली कुठं? ज्याच्या बापानं चार एकरांतलं एक विकलं, तो लातूरला नाहीतर संभाजीनगरला क्लासमध्ये. नीटची तयारी तिकडं, नाव आणि हजेरी इकडं. ज्याच्याकडं विकायला काही नाही, तो मिरची तोडायला, दिवाळीच्या पुढंमागं कापूस वेचायला, नाहीतर मोबाईलच्या दुकानात. परीक्षेला बसायला 75 टक्के हजेरी लागते. ती दोघांचीही भरते. कशी भरते ते सगळ्यांना माहीत आहे.

आता तिसरं लेकरू. ते रोज येतं. बहुतेकदा ती मुलगी असते. बारावीपर्यंत फी नाही, एसटीचा पास आहे, म्हणून घरच्यांनी पाठवलेली. दहा वाजता उतरते, एक तास होतो, कधी तोही होत नाही. मग मैत्रिणींसोबत झाडाखाली परतीच्या गाडीची वाट बघत बसते. वाचनालयाला कुलूप, मैदानावर गाजरगवत. चार महिने असं चाललं की बाप विचारतो, "तिथं शिकवतच नाहीत तर जातीस कशाला?" त्याचं काय चुकलं सांगा. पुढं काय होतं तेही आपल्याला माहीत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत जालना जिल्ह्यात 20 ते 24 वयाच्या दर तीन बायांमागं साधारण एकीचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बालविवाह थांबवायला आपण रॅली काढतो, शपथ घेतो. अकरावीचा वर्ग रोज भरला तर त्या बापाला घरात बोलायला एक मुद्दा कमी राहील, हे कुणी बोलत नाही.

विज्ञान शाखेचं तर विचारूच नका. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, प्रत्येकाला 70 गुण लेखी आणि 30 प्रात्यक्षिक. पिपेट तोंडानं ओढायची की बल्बनं, हे ज्यानं कधी बघितलं नाही त्यालाही 30 पैकी सत्तावीस-अठ्ठावीस मिळतात. जर्नल? विकत मिळतं, लिहून मिळतं. मग 5 मे 2025 ला निकाल लागतो, राज्य 91.88 टक्के, आपला संभाजीनगर विभाग 92.24 टक्के, चौकात बॅनर लागतात. आणि तीच मुलगी नर्सिंगला किंवा बीएस्सीला गेली की पहिल्याच महिन्यात रडत फोन करते.

शिक्षकांवर सगळं ढकलू नका. कित्येक जण विनाअनुदानित तुकडीवर, कुणाला 20 टक्के पगार, कुणाला 40. काही तासिकेवर. ते दुपारून शेतात नाहीतर शिकवणीत दिसले तर नवल काय? पण संस्थाचालक? त्यांना पटसंख्या दिसली की बस झालं. उलट क्लासला गेलेला पोरगा त्यांच्या सोयीचा. त्याला बाक लागत नाही, पाणी लागत नाही, मास्तर लागत नाही.

न्यू जर्सीत आपली मराठी माणसंही बरीच आहेत. तिथल्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोच्या सरकारी शाळांनी 2015 मध्ये मुलांवरचा ताण फार झाला म्हणून हायस्कूलच्या सत्र-परीक्षाच काढून टाकायचं ठरवलं. पालकांत दोन तट पडले. विरोध करणाऱ्यांत भारतीय, चिनी घरचे बरेच. तिकडं शाळा सुटल्यावरही बँड, नाटक, फुटबॉल यासाठी पोरं थांबतात, म्हणजे भांडण शाळेत किती आणि काय व्हावं याचं. आमच्याकडं शाळा भरावी एवढ्यासाठी भांडावं लागतंय.

सरकारला हे कळत नाही असं नाही. 2018 मध्ये कनिष्ठ महाविद्यालयांच्या विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश निघाला होता, तोही आधी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, औरंगाबाद अशा मोठ्या ठिकाणांसाठी. खेड्यापर्यंत यंत्र यायचं राहिलं. आणि यंत्रानं होणारही नाही, अंगठा लावून पोरगं निघून जाईल.

माझी मागणी साधी आहे. फेब्रुवारीत जेवढ्या गाड्या फिरतात त्यातली एक ऑगस्टात, एक नोव्हेंबरात फिरवा. न सांगता. वर्गात किती पोरं आहेत ते मोजा, प्रयोगशाळेचं कुलूप उघडायला लावा, बेसिनला पाणी येतं का बघा. जी पोरं हजर आहेत त्यांना विचारा, काल काय शिकवलं. आणि तो कागद ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा.

केदारखेड्याकडं असं पथक निघालं तर कुणीतरी मला फोन करा. फोटो काढायला मी स्वतः येतो.