विश्लेषण : बालपणीचा आघात मोठेपणी का छळतो?

१९८० च्या दशकात अमेरिकेतील सॅन डिएगो येथे कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेच्या स्थूलता निवारण केंद्रात डॉ. व्हिन्सेंट फेलिटी यांना एका कोड्याने ग्रासले. उपचार अर्ध्यावर सोडणाऱ्यांपैकी अनेकांचे वजन उत्तम घटत होते. मग ते पळत का होते? मुलाखती घेतल्यावर कित्येकांनी लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितले. डॉक्टर ज्याला आजार समजत होते, तो त्यांच्यापैकी काहींचा आडोसा होता. शरीर सडपातळ होऊ लागले की इतरांच्या नजरा वळत आणि जुनी भीती परत येई.

पुढे काय आढळले?

फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी १९९५ ते १९९७ या काळात १७ हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारले. मारहाण, अत्याचार, घरातील व्यसन, आईला होणारी मारझोड असे ते प्रश्न होते. उत्तरे देणारे बहुतांश सुशिक्षित आणि आरोग्यविमा असलेले होते, तरी सुमारे दोन तृतीयांश जणांनी किमान एक असा अनुभव नोंदवला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, असे चार किंवा अधिक प्रकारचे अनुभव असलेल्यांत नैराश्य, दारूचे व्यसन, आत्महत्येचा प्रयत्न यांची जोखीम ४ ते १२ पट अधिक होती.

हे कसे घडते?

बाप दारू पिऊन येणार हे जिन्यावरच्या पावलांवरून ओळखणे, गप्प राहणे, रडू गिळणे... त्या वयात मुलाला वाचवणाऱ्या या युक्त्या असतात. घर बदलते, युक्त्या राहतात. साहेबाने आवाज चढवला की छाती धडधडते, जोडीदार उशिरा आला की संशय येतो, भांडण टाळण्यासाठी माणूस आतल्या आत मिटतो. आजूबाजूचे त्याला तापट, संशयखोर किंवा घुमा ठरवून मोकळे होतात. ताणाला तोंड देणारी शरीराची यंत्रणाही सतत सावध राहिल्याने झोप, पचन, रक्तदाब बिघडू शकतात.

मग यातून सुटका नाही?

आहे. समाजमाध्यमांवर गुण मोजून स्वतःचे भविष्य ठरवणाऱ्यांनी हे जरूर वाचावे. हा गुणांक एकेका व्यक्तीचे भाकीत करण्यासाठी नाही, असे खुद्द अँडा आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये बजावले. हवाईतील कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशके मागोवा घेतला. अतिशय खडतर परिस्थितीत वाढलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुले सक्षम प्रौढ झाली. त्यांच्या आयुष्यात आजी, शिक्षक, शेजारी असे कुणीतरी एक भरवशाचे माणूस होते.

आघातावर केंद्रित मानसोपचारांनी मोठेपणीही फरक पडतो. आपल्याकडे ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मराठीत बोलता येते. पण अनेक जण आधी फॅमिली डॉक्टरकडे ॲसिडिटीची नाहीतर झोपेची गोळी मागायला जातात. तिथे वजन, साखर, रक्तदाब यांची चौकशी होते. लहानपणाची होत नाही.