रानकोंबड्याची मान आणि अमेरिकेतील ट्राउट

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतील मुलांना नदीवरील ट्राउट मासेमारीचा नाद लागत आहे, ही आमच्या मते चांगली गोष्ट आहे. कोकणचा मनुष्य मासळीवाचून फार दिवस राहू शकत नाही. आणि ट्राउटला पर आहेत, बारीक का होईनात पण खवलेही आहेत, तेव्हा आपल्या ताटातील त्याच्या प्रवेशास कोणाची हरकत नसावी. परंतु या छंदाच्या पाठोपाठ एक मागणी येऊ लागली आहे, व तिच्याविषयी स्पष्ट बोलणे आम्हांस अवश्य वाटते. सुटीत भारतात जाणाऱ्या आप्तांस ही मुले, किंवा त्यांचे अमेरिकन मित्र, सांगून ठेवतात की, येताना रानकोंबड्याची एक मान आणा. ती कोणीही आणू नये, असे आमचे मत आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे विवेचन केले पाहिजे. आपल्याकडे गळाला गांडूळ किंवा कोळंबीचा तुकडा लावतात. ट्राउट मात्र प्रवाहाबरोबर वाहत येणारे किडे टिपून खातो. म्हणून गळावरच दोरा व पिसे गुंडाळून किड्याची नक्कल करतात आणि तिला माशी म्हणतात. लहानशा व्हाइसमध्ये गळ घट्ट धरावयाचा, त्यावर दोऱ्याचा पाया घालावयाचा, कोंबड्याच्या मानेचे लांब, ताठ पीस त्याभोवती फिरवावयाचे. पिसाचे तंतू पायांसारखे चहूकडे उभे राहतात आणि माशी पाण्यावर तरंगते. शेवटी गाठ मारून व्हार्निशचा एक थेंब. दहा वर्षांच्या मुलास हे जमते, व त्याचे हात त्या वेळात टेलिव्हिजनपासून दूर राहतात हा वेगळाच लाभ.

कोणती माशी बांधावी हे मात्र दुकानातील पेटी पाहून ठरत नाही. कॅटस्किल डोंगरातील नेव्हरसिंक नदीकाठी राहणाऱ्या थिओडोर गॉर्डनला 1890 मध्ये इंग्लंडहून फ्रेडरिक हॅलफर्डने तरंगत्या माश्यांचे नमुने पाठविले. ते इंग्लंडच्या संथ, नितळ प्रवाहांसाठी आणि तेथील किड्यांसाठी बांधलेले. येथील पाणी खळाळते आणि किडेही निराळे. गॉर्डनने नमुन्यांतील कला घेतली, परंतु रंग व आकार आपल्या नदीवर उडणाऱ्या किड्यांचे घेतले. त्याची 'क्विल गॉर्डन' ही माशी आजही बांधली जाते. (याच डोंगरातील ग्रॉसिंगर्ससारखी यहुदी हॉटेले आमच्या पिढीच्या स्मरणात आहेत, ते हॉटेल 1986 मध्ये बंद झाले, नद्या आहेत.)

आता रानकोंबड्याकडे वळू. सह्याद्रीच्या रानात, मुरूड-रोह्याच्या फणसाडपासून आंबोलीपर्यंत, पहाटे ज्याची तुटक बांग ऐकू येते तो हा करडा पक्षी. नराच्या मानेवरील पिसांच्या टोकांस पिवळसर-पांढरे, मेणासारखे तुकतुकीत ठिपके असतात. माशा बांधणाऱ्यांस त्यांचे मोठे वेड. मागणी पिसांची नसते. पिसांसकट सोललेल्या मानेच्या कातड्याची असते. म्हणजे एका मानेमागे एक मेलेला पक्षी, हे उघड आहे.

पेनसिल्व्हेनियातील कार्लाइलजवळच्या लेटॉर्ट प्रवाहावर व्हिन्सेंट मॅरिनारो या मर्मज्ञाने याच पिसापासून 'जॅसिड' नावाची माशी बनविली. 1950 मध्ये 'अ मॉडर्न ड्राय फ्लाय कोड' हा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. उन्हाळ्यात ट्राउट पाण्यावर तोंड मारीत असे, परंतु तेथे कोणताही किडा डोळ्यांस दिसत नसे. बारकाईने पाहता काठच्या गवतातून पडणारे इवलेसे तुडतुडे आणि मुंग्या तो खात होता. होय, तेच तुडतुडे, ज्यांच्या नावाने आपल्याकडचा शेतकरी भातावर औषध फवारतो! मॅरिनारोने अगदी बारीक, 20-22 क्रमांकाच्या गळावर काळे पीस फिरविले, त्याचे तंतू वरून-खालून कातरले आणि पाठीवर रानकोंबड्याच्या पिसाचे टोक आडवे बसविले. झाला तुडतुडा.

येथेच आमच्या युक्तिवादाचे मर्म आहे. मासा खालून पाहतो. इतक्या लहान किड्याची त्यास दिसते ती प्रकाशासमोरची चपटी, अपारदर्शक आकृती, आणि तीच मॅरिनारोला साधावयाची होती. ठिपक्याची झळाळी पाठीवर, वरच्या बाजूस असते. ती माशाला नव्हे, मासे पकडणाऱ्याला दिसते. मग साध्या काळ्या कोंबड्याचे लहान पीस व्हार्निशने ताठ करून, कातरून बसविल्यास ट्राउटचे काय बिघडते? पक्षी मरतो तो केवळ मनुष्याच्या नेत्रसुखासाठी.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. भारताच्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्यास संरक्षण आहे, आणि वन्य प्राण्यांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतही त्याचे नाव आहे. "एकच मान, बॅगेत कपड्यांखाली कोण पाहतो?" हे बोलणे आपल्या मुलांच्या कानी पडू नये. घरट्यातील पक्षिणीविषयी तोरात काय सांगितले आहे ते त्यांना आपणच शिकविले आहे. आणि पिसांचा लोभ कोठवर नेतो ते पाहा: 2009 मध्ये इंग्लंडच्या ट्रिंग येथील संग्रहालयातून एका तरुण अमेरिकन बासरीवादकाने 299 पक्ष्यांची कातडी चोरली, ती सामन माशाच्या जुन्या धर्तीच्या माश्या बांधणाऱ्यांसाठी. त्या माश्यांपैकी बहुतेक कधी पाण्यात पडतसुद्धा नाहीत, काचेच्या चौकटीत राहतात.

ज्यांना हेच पीस हवे त्यांच्यासाठी इंग्लंडमध्ये पाळलेल्या रानकोंबड्यांच्या माना कायदेशीर मार्गाने मिळतात. महाग पडतात, पडोत. कोलोरॅडोत तर खास पिसांसाठी कोंबड्यांच्या जाती वाढविल्या आहेत. तेही कोंबडे अखेर मारले जातात हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्यामुळे एखादे रान मुके होत नाही.

शिकण्यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. रॉस्कोच्या वॉल्ट आणि विनी डेट या दांपत्यास रूब क्रॉस या नामांकित कारागिराने आपली कला शिकविण्याचे नाकारले, तेव्हा त्यांनी त्याच्या माश्या विकत घेऊन वेढा-वेढा उसवून पाहिल्या आणि पुढे आयुष्यभर माश्या बांधल्या. शिक्षणशास्त्राच्या कोणत्याही वर्गात आम्हांस याहून चांगली पद्धत कोणी सांगितली नाही. पालकांनी दोन साध्या माश्या विकत आणाव्यात, एक मुलास उसवू द्यावी, दुसरी नमुन्यादाखल समोर ठेवावी. नंतर जुलैतील एखाद्या रविवारी गळ घरीच ठेवून मुलास नदीकाठी न्यावे. तेथे गवतावरून पांढरा रुमाल फिरवावा, आणि त्यावर काय उडी मारते ते त्यास वहीत काढू द्यावे.