धूर कुठे गेला?

माझी थोरली बहीण, आम्हां भावंडांची आक्का, गतवर्षी पंचाहत्तरीची झाली. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे तिचे गावी जाणे आता बंदच झाले आहे. म्हणून आमच्या माळावरून मी टिपलेले एक छायाचित्र मोठ्या आकारात छापून, चौकटीत बसवून तिला भेट दिले. करवीर तालुक्यातील आमच्या माळावर पाठीशी सूर्य घेऊन उभे राहिले की खाली उसाचा पट्टा, त्याच्या मधोमध आमचे गुऱ्हाळ आणि दूर पन्हाळ्याची आडवी रेघ, असा तो देखावा. चित्र जानेवारी २०१९ मधील एका सकाळचे. तो हंगाम संपला आणि गुऱ्हाळ कायमचे बंद झाले. पुढे वाटणी होऊन ती जमीनही परक्या नावावर चढली. तो देखावा पुन्हा टिपण्याची सोय आता उरलेली नाही.

आक्काने चष्मा पुसून चित्र न्याहाळले. "झ्याक आलंय," म्हणाली. आणि मग सावकाश विचारले, "पण धूर कुठं गेला रं?"

धूर मीच काढला होता. निवृत्तीनंतर संगणकावर छायाचित्रांचे संस्करण करण्याचा नाद मला लागला, आणि नव्या शिकाऊ कारकुनाला रबरी शिक्का मारण्याचा जो हुरूप असतो तोच मला स्लायडर सरकवण्याचा आला. त्यात 'डिहेज' नावाचा एक स्लायडर असतो. धुके, धूळ वा धूर यांमुळे दूरच्या वस्तूंमधील उजेड-अंधाराचे अंतर घटते. तो स्लायडर ते अंतर ताणून वाढवतो. पन्हाळा स्वच्छ दिसावा म्हणून मी तो सरकवला. पन्हाळा स्वच्छ झाला. परंतु चुलवाणातील चिपाडांचा निळसर धूर, जो पहाटेच्या गारठ्यात वर न चढता उसावरच पसरून राहतो, तोही त्याबरोबर गेला. एवढ्यावर मी थांबलो नव्हतो. जानेवारीत तुरे आलेला ऊस पिवळट, राखी झाक असलेला दिसतो. मी त्याला पाचूसारखा हिरवा केला. विजेचा एक खांब पुसून टाकला. सावल्या इतक्या उजळल्या की सकाळी सातची वेळ दहाची वाटू लागली.

बँकेत असताना ३१ मार्चच्या आधीच्या आठवड्यात ठेवींचे आकडे कसे फुगवले जात, हे जाणकार वाचकांना सांगायला नको. प्रत्येक नोंद खरी, पावती खरी, ठेवीदारही खरा. आणि तरीही ताळेबंदात दिसणारे चित्र खोटे. माझ्या छायाचित्राचे तसेच झाले होते. प्रत्येक फेरफार करताना मला ती सुधारणाच वाटली होती.

यावर काही स्नेही म्हणाले, "संस्करणच करू नये, कॅमेऱ्याने दिले ते सत्य." हे मला पटत नाही. आपण जेव्हा उजळ डोंगराकडे पाहतो तेव्हा बाहुली आकुंचन पावते, सावलीतील शेताकडे नजर वळवताच ती विस्फारते, आणि या अनेक दृष्टिक्षेपांतून मन एक देखावा जुळवते. कॅमेऱ्याला त्या एका क्षणी उजेडाचे एकच माप घ्यावे लागते. त्या सकाळी पन्हाळ्यावर कोवळे ऊन होते आणि आमचे शेत अजून माळाच्या सावलीत होते. डोंगराचे माप धरल्यामुळे शेत जवळजवळ काळे उमटले. मला मात्र तिथे उभा असताना उसाचा प्रत्येक तुरा दिसत होता. शिवाय कॅमेरा जेपेग स्वरूपात चित्र देतो तेव्हा त्यानेही आत बसून रंग, धार आणि तफावत ठरवलेलीच असते. मोबाइल तर एका दाबात अनेक चित्रे घेऊन त्यांची सरमिसळ करतो. संस्करण होतेच, प्रश्न इतकाच की ते कोणी करावे, आणि ज्याने देखावा पाहिला त्याने की ज्याने पाहिला नाही त्याने.

अमेरिकेचे अॅन्सेल अॅडम्स यांचे १९४१ मधील 'मूनराइज, हर्नांडेझ' हे चित्र प्रसिद्ध आहे. मूळ निगेटिव्हवरून साधी प्रत काढली तर आकाश पुष्कळ उजळ आणि ढगाळ दिसते. अॅडम्स यांनी डार्करूममध्ये पुढील वर्षांत ते जवळजवळ काळे केले. ती कला थोर आहे, यात वाद नाही. परंतु मला कलाकृती नको होती, आक्काला तिचे शेत हवे होते.

सुदैवाने मूळ 'रॉ' फाइल जुन्या हार्ड डिस्कवर शाबूत होती. रॉ म्हणजे मूळ व्हाउचर. तिच्यावर केलेले फेरफार निराळे नोंदले जातात, मूळ तसेच राहते. खातेवहीत चुकीचा आकडा खरवडायचा नाही, आडवी रेघ मारून वर सही करायची, हा शिरस्ता इथेही आहे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या केवळ २५६ पायऱ्या उरतात. चौदा बिटांच्या रॉमध्ये त्या १६,३८४ असतात. म्हणून अंधारातील शेत वर काढता आले. मात्र ते सावलीतच आहे हे कळेल इतपतच काढले.

रंगाचा प्रश्न अधिक नाजूक निघाला. कॅमेऱ्याच्या स्वयंचलित 'व्हाइट बॅलन्स'ने सकाळचे नारिंगी ऊन पांढरे करून टाकले होते. मी ५,५०० केल्विन हे भर दुपारच्या उन्हाचे माप दिले, तर डोंगर भगवा झाला. तितका तो दिसला नव्हता, कारण आपले डोळेही उन्हाच्या रंगाला थोडे सरावतात. शेवटी ४,८०० च्या आसपास थांबलो. क्षितिज एका अंशाने कलले होते ते सरळ केले, सेन्सरवरील धुळीचा ठिपका पुसला. खांब परत आला, हिरवा रंग उतरला, डिहेज शून्यावर नेला.

हे सारे आठवणीवर चालते आणि आठवण लबाड असते. म्हणून हल्ली मी कॅमेऱ्याच्या पिशवीत डायरी ठेवतो व जागेवरच चार ओळी लिहितो: सावली कोठवर, धुके कसे, हिरवा कोणता. संगणकाची स्क्रीन रात्री अंधाऱ्या खोलीत झगझगीत ठेवून काम केले तर छापील प्रत काळवंडून येते, हा धडा दोन प्रतींचे पैसे मोजून शिकलो. आता स्क्रीन मंद ठेवतो, आणि केलेले काम दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिल्याखेरीज छापायला देत नाही.

दुसरी प्रत घेऊन गेलो तेव्हा आक्का भाजी निवडत बसली होती. चित्र मांडीवर घेऊन ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उसावर पसरलेल्या धुराच्या मुळाशी तिने बोट टेकवले.

"हितं आप्पा बसायचं," ती म्हणाली. "काहिलीकडं तोंड करून."