अन्नाची नासाडी : शिस्त शिबिरापुरतीच?

१९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा देशभरातील असंख्य घरांत सोमवारी संध्याकाळी चूल पेटली नाही. पुढे १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो कुटुंबांनी सुकडी आणि मिलोवर दिवस काढले. ते दिवस पाहिलेली माणसे आजही पानात भाताचे शीत राहू देत नाहीत. त्यांच्याच नातवंडांना मात्र फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यातला डबा आठ दिवसांनी कचऱ्यात रिकामा करताना काही वाटेनासे झाले आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील ६० टक्के वाटा हॉटेलांचा वा बाजारपेठांचा नाही, घराघरांचा आहे. भारतीय घरांत दरडोई वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न टाकले जाते, असा याच अहवालाचा अंदाज आहे. त्यात साली-देठही धरलेले आहेत, हे मान्य. तरीही चौघांच्या कुटुंबामागे हा आकडा दिवसाला अर्ध्या किलोच्या वर जातो. अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या समाजाने याचा विचार करायचा नाही, तर कोणी करायचा?

शिबिरात भोजनमंत्र म्हणून जेवायला बसलेला स्वयंसेवक ताटात काही टाकत नाही. वाढणारा थोडे थोडे वाढतो, लागेल तसे पुन्हा विचारतो. ही शिस्त घरी का पोहोचत नाही? कारण घरातील बहुतेक नासाडी ताटात होतच नाही. ती ताटाच्या कितीतरी आधी, अंदाज चुकतो तेथे होते. कार्यकर्त्याची बैठक लांबते, वाटेत कोणाच्या तरी घरी फराळ होतो आणि रात्री अकरा वाजता घरी झाकून ठेवलेले ताट तसेच राहते. खिशात मोबाइल असताना 'जेवायला येत नाही' एवढे तीन शब्द सायंकाळी सहा वाजता कळवणे अवघड नाही. मुलाने परस्पर बाहेरून मागवलेला पिझ्झा, 'सकाळची भाजी नको' ही यजमानांची सवय, एकावर एक मोफत म्हणून आणलेली पालकाची जुडी, या साऱ्याचा हिशेब शेवटी गृहिणीच्या माथी मारला जातो. दोष देण्याआधी तिला सकाळीच कोण जेवायला आहे, कोण नाही, हे कोणी सांगितले होते का, हे विचारलेले बरे.

मराठी स्वयंपाकघर या बाबतीत मुळात दरिद्री नव्हते. रात्रीच्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा होई, भाताला फोडणी मिळे, आंबट ताकाची उकड किंवा कढी होई. दोडक्याच्या शिरांची चटणी, फणसाच्या आठळ्यांची भाजी ही काही टंचाईची लक्षणे नव्हेत, ते पाककौशल्य होते. श्रावणातल्या शिळासप्तमीला तर चूल न पेटवता आदल्या दिवशीचे अन्न खाण्याची प्रथा आहे. आता 'शिळे' हा शब्दच हलका ठरला. आरोग्याची काळजी जरूर घ्यावी : उरलेला भात तासन् तास ओट्यावर न ठेवता लवकर फ्रिजमध्ये ठेवावा, डबा पुढच्या बाजूला दिसेल असा ठेवावा, दुसऱ्या दिवशी तो संपवूनच नवे रांधावे. वासावरून आंबलेले कळते, ते मात्र कोणी पोटात ढकलू नये.

उरलेले कामवाल्या बाईंना देऊन मोकळे होण्याची एक रीत मध्यमवर्गात रूढ आहे. जे आपण खाणार नाही ते दुसऱ्याच्या हाती ठेवणे हे दान नव्हे. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या समाजबांधवांना इतरांनी टाकलेले तुकडे खाणे सोडा, असे बजावले होते. समरसतेची भाषा करणाऱ्या घरांनी त्यामागची वेदना ओळखायला हवी. द्यायचेच तर ताजे, आपल्या पंक्तीचे द्यावे.

टाकलेले अन्न नाहीसे होत नाही. पुणेकरांचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी गेला. दुर्गंधी आणि खराब झालेले पाणी सोसणाऱ्या तेथील ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या वारंवार अडवल्या. मुंबईत देवनारला १९२७ पासून साठलेल्या डोंगराला २०१६ च्या जानेवारीत आग लागली, तेव्हा धुराने उपनगरे गुदमरली. ओले अन्न अशा ढिगात कुजले की त्यातून पेट घेणारा मिथेन वायू निर्माण होतो.

संघाच्या शताब्दीनिमित्त मांडलेल्या पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधन आणि पर्यावरण हे दोन्ही विषय आहेत. व्याख्यानांची त्यासाठी वाण नाही. पण प्रत्येक घराने एक आठवडा स्वयंपाकघरात साधी वही टांगावी : आज काय टाकले, किती टाकले, कशामुळे उरले. रविवारच्या कुटुंबबैठकीत ती सर्वांसमोर वाचावी आणि पुढच्या आठवड्याची पोळ्यांची संख्या व भाजीची यादी त्यावरून ठरवावी. ती वही लिहिण्याचे आणि उरलेले डबे रिकामे करण्याचे काम मात्र घरातील पुरुषांकडे असावे.