चुन्याच्या भिंतीला चुनाच हवा

जुन्या वाड्याची भिंत किंवा किल्ल्याचा तट खिळखिळा झाला, की पाहणारे म्हणतात, "चुनाच तो! किती वर्षे टिकणार? सिमेंट भरून टाका." हा सल्ला हिताचा नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सियसला भाजली, की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी ओतताच तो फसफसतो, तापतो आणि विरतो. पूर्वी त्यात वाळू घालून तो बैलांच्या घाणीत मळत असत. त्या घाणींची दगडी चाके आजही कित्येक गडांवर आढळतात. भिंतीत भरल्यावर हा चुना हवेतील तोच वायू हळूहळू शोषून घेतो व पुन्हा चुनखडी बनतो. भट्टीत दगडपण गमावलेला दगड भिंतीत ते परत मिळवतो!

मग तो झिजतो कशाने? पावसाचे पाणी हवेतून तोच वायू घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि चुना कणाकणाने विरघळवते. जुन्या भिंतींवरील पांढरे ओघळ पुष्कळदा याचेच असतात. मौज अशी, की हा विरघळलेला चुना वाटेतील एखाद्या बारीक भेगेत साचून ती बुजवतोही. समुद्राकाठी मात्र मीठ हा त्याचा मोठा वैरी. मालवणजवळचा सिंधुदुर्ग १६६४ ते १६६७ या काळात समुद्रातील बेटावर उभा राहिला. अशा ठिकाणी खारे पाणी सांध्यांत शिरते. उन्हाने पाणी उडून जाते. मीठ मागे राहते. त्याचे स्फटिक बारीक छिद्रांत वाढतात आणि चुन्याचे पापुद्रे सुटतात. मोकळ्या झालेल्या सांध्यात पिंपळाचे बी पडले, तर त्याची मुळे काय करतात, हे तुम्ही पाहिलेच असेल.

तरीही या झिजण्यातच चुन्याचा गुण आहे. तो दगडापेक्षा मऊ असतो. भिंतीतला ओलावा त्याच्यातून बाहेर पडतो व मीठही बरेचसे त्यातच साचते. झिजतो चुना, वाचतो दगड. ज्या पोर्टलंड सिमेंटचे पेटंट जोसेफ ॲस्पडिन यांनी १८२४ साली इंग्लंडमध्ये घेतले, ते आजच्या रूपात फार कठीण व घट्ट असते. सांध्यांतून वाट न मिळालेला ओलावा मग दगडातून बाहेर पडू लागतो. जांभ्यासारखा सच्छिद्र दगड झडतो आणि सिमेंटच्या रेघा तेवढ्या रिकाम्या चौकटींसारख्या पुढे आलेल्या दिसतात. झिजलेला सांधा पुन्हा भरता येईल. झडलेला दगड कोठून आणावा?

नव्या इमारतीत सिमेंट खुशाल वापरावे. त्याला माझा विरोध नाही. चुन्याचे काम सावकाशीचे आहे आणि ते जाणणारे गवंडी थोडे उरले आहेत, हेही खरे. परंतु साडेतीन शतके उभ्या राहिलेल्या तटासाठी काही महिने अधिक थांबणे जड का वाटावे? पावसाळा सरल्यावर सुटलेला चुना सांध्यांतून हलक्या हाताने खरवडावा, मूळ चुन्याशी जुळणारा नवा चुना दाबून भरावा, आणि तो भरभर वाळू नये म्हणून भिंतीवर ओली गोणपाटे टांगावीत.