फाइल तुटली, तर रुग्णाला सांगा

रूट कॅनॉल उपचार चालू असताना फाइलचा तुकडा दाताच्या मुळात अडकला, तर ते रुग्णाला सांगावे की नाही? ‘कशाला सांगता, उगाच घाबरेल,’ हे उत्तर नीतीला धरून नाही, हे उघडच आहे. ते विज्ञानालाही धरून नाही.

निकेल-टायटॅनियमची फाइल वाकड्या नलिकेत फिरते तेव्हा तिच्या एका बाजूवर ताण आणि दुसरीवर दाब येतो. प्रत्येक फेऱ्यात या बाजू बदलतात आणि धातू थकत जातो. टोक अडकून दांडा फिरत राहिला, तर पीळ पडूनही ती तुटते. थकलेल्या फाइलवर डोळ्यांना दिसेल अशी खूण बहुधा नसते. म्हणूनच वापराची नोंद न ठेवता तीच फाइल निर्जंतुक करून पुन्हा पुन्हा वापरणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. काटकसर दवाखान्याची, जोखीम मात्र रुग्णाची!

तरीही फाइल तुटली म्हणजे दात गेला, असे नव्हे. स्पिली, पॅराशोस आणि मेसर यांच्या २००५ च्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात तुकडा राहिलेल्यांपैकी ९१.८ टक्के दात बरे झाले. तुकडा नसलेल्या गटात ९४.५ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर लक्षणीय ठरला नाही. ते उपचार तज्ज्ञांच्या हातचे होते, हेही ध्यानात ठेवावे. खरा धोका तुकड्यापलीकडे उरलेल्या जंतुसंसर्गाचा असतो. तुकडा वरच्या, सरळ भागात असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली अल्ट्रासॉनिक टोकाने काढता येतो. कधी त्याच्या बाजूने वाट काढून नलिका स्वच्छ करता येते. वळणापलीकडचा तुकडा पुष्कळदा तिथेच ठेवून नलिका भरणे शहाणपणाचे. हट्टाने काढू गेल्यास मुळाला भोक पडते, किंवा ते कमकुवत होऊन पुढे तडकते.

पण तुकडा ठेवला, तर दातावर लक्ष ठेवावे लागते. ज्याला काही ठाऊकच नाही, तो रुग्ण वर्षभराने क्ष-किरण तपासणीला कशासाठी येईल? आणि दुसऱ्या गावच्या दंतवैद्याने छायाचित्रात तो तुकडा दाखवला, तर आधीच्या डॉक्टरच्या कोणत्या शब्दावर तो विश्वास ठेवील? उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि धोके सांगूनच संमती घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात बजावले आहे. तुकडा काढायचा की ठेवायचा, हा निर्णयही त्याच कक्षेत यायला हवा.

तेव्हा दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनो, केसपेपरवर तुकड्याची जागा आणि लांबी लिहा, क्ष-किरण छायाचित्र जोडा आणि त्याची प्रत रुग्णाच्या हाती द्या. फाइल कुशल हातातही तुटते. लपवणे मात्र कधीच अपघाताने घडत नाही.